शिमगा ते मिरग: कोकणात कुत्र्यामांजरांना जड जाणारे महिने

पडवी (मुख्य धागा)

नमस्कार मंडळी. रत्नागिरी ते पावस या पट्ट्यात लोकांच्या घरी जाऊन त्यांची कुत्री-मांजरं सांभाळणं हा माझा व्यवसाय. घरची माणसं लग्नाला, देवाला, मुंबईला जातात, तेव्हा मी दिवसातून दोन-तीनदा जाते, काही घरी रात्रीचा मुक्कामही करते. थंडी सरली, आंब्याला कणी धरली की माझ्या फोनला उसंत नसते. शिमगा, पाडवा, लग्नसराई आणि मग मे महिना. माणसांच्या सुट्ट्यांचे हेच महिने जनावरांना सगळ्यात जड जातात, म्हणून हा धागा काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ती लागणार आहे. रोज एकदा कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. जनावर ठणठणीत असताना ही सवय लावा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुमच्या डोळ्यांत बसेल. उष्मा बाधला तर हिरड्या लालभडक आणि चिकट होतात, गोचिडाच्या तापात फिक्या पडतात, फुरसं हा विषारी साप चावला तर त्यातून रक्त येऊ शकतं. मी कुठल्याही घरी गेले की आधी हिरड्या बघते, मग वाडग्याकडे वळते.

आता उष्म्याबद्दल. आपल्याकडे विदर्भासारखं ऊन नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, पंजांच्या गादीतून थोडासा येतो तेवढाच. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि तोंडातली ओल उडून जाते आणि त्यातून अंग निवतं. हवाच दमट असेल तर ती ओल उडत नाही, मग कितीही धापा टाकल्या तरी अंग तापतच राहतं. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरचे ३४-३५ अंशसुद्धा धोक्याचे. त्यात फाल्गुनात मतलई वारा दुपारपर्यंत रेंगाळला आणि समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं, की पारा अचानक आणखी वर जातो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासच पुरत नाही. अशी कुत्री कोकणात पाळू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण पाळली असतील तर या तीन महिन्यांत त्यांना दुपारी पंख्याखाली, थंड लादीवर ठेवा.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते. धापा थांबत नाहीत, जाड लाळ गळते, पाय लटपटतात, हिरड्या लाल होतात. असं दिसलं की जिथे असाल तिथेच सावलीत न्या, विहिरीचं किंवा नळाचं पाणी अंगभर ओता, पोटाखाली आणि जांघेत जास्त, आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आधी थोडं निववा, मग गाडीत घालून डॉक्टरकडे न्या.

फिरवायला सकाळी ऊन चढायच्या आत न्या, संध्याकाळी दिवेलागणीला. त्याआधी हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही चालवणार नाही. डांबराची काळजी सगळे घेतात, पण आपल्या सड्यावरचा जांभ्याचा कातळ आणि कोरडी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळूही तितकीच तापते आणि उशिरापर्यंत तापलेली राहते.

गोचीड. हा विषय मोठा आहे आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे घरात असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. आपल्या चिऱ्याच्या भिंती, गडगे, पडवीचे कोनाडे म्हणजे तिला हवी तशी जागा. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. चिऱ्यांच्या फटी सिमेंटने किंवा मातीने लिंपून घ्या, कुत्र्याची गोणपाटं कडक उन्हात टाका, तो झोपतो तो कोपरा आठवड्यातून एकदा तरी हलवून झाडा. अंगावर शोधायच्या जागा: कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या बुडाशी. सापडला तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, नखांवर चिरडणं हे तिन्ही प्रकार सोडून द्या.

शिमग्याचं म्हणाल तर पालखी अंगणात येते, ढोल-ताशे अगदी दाराशी वाजतात. पालखी कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी येणार हे वाडीत आधी कळतंच. त्याआधी तासभर कुत्र्याला फिरवून, पोटभर खायला घालून माजघरात किंवा सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा, पंखा चालू ठेवा आणि शक्य झालं तर घरातलं एक माणूस जवळ बसवा. साखळीने अंगणात बांधलेलं कुत्रं घाबरून गळफास लावून घेऊ शकतं. मांजर माळ्यावर पळालं तर पळू द्या, ओढून काढू नका. रंग लागलाच तर कोरड्या फडक्याने झटका, साध्या पाण्याने धुवा. रॉकेल नको.

पावस, गणेशगुळे, गुहागर, वेळास, आंजर्ले या बाजूंना जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडायचे हे दिवस आहेत. पुळणीवर कुत्रा मोकळा सोडू नका. तुमचा कुत्रा कितीही गुणी असो, वाळूखालच्या अंड्यांचा वास त्याला लागतो.

माझ्या कामाची थोडी बातमी: यंदापासून मी ओळखभेट झाल्याशिवाय कुठलंही काम घेत नाही. तुम्ही घरी असताना मी एकदा येणार, जनावराशी बसणार, त्याच्या वेळा लिहून घेणार. माणसं बाहेर पडत असताना दारात किल्ली हातात घ्यायची हे जनावरावर अन्याय करणारं आहे. त्याच्या दृष्टीने घरची माणसं गेली आणि घरात परकं शिरलं. मे महिन्यासाठी ज्यांना विचारायचंय त्यांनी पाडव्याच्या आत विचारा.

प्रश्न असतील तर विचारा. मला ठाऊक आहे तेवढं सांगेन. उपचार मात्र डॉक्टरांचेच.


मोती_आणि_मी

ताई, फार उपयोगी धागा. आत्ताच मोतीच्या हिरड्या बघून आले, गुलाबी आहेत. एक शंका. मोतीसाठी मानेवर सोडायचे गोचिडाचे थेंब आणलेत. थोडे उरलेत. मनी पण त्याच्याच शेजारी झोपते, तर तिला अर्धे थेंब चालतील का?


पडवी

नाही. अजिबात नाही, अर्धे नाही, एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. झटके येऊन मांजर दगावतं. मोतीला थेंब लावले की ते पूर्ण सुकेपर्यंत मनीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका, ती त्याला चाटत असेल तर आणखी जपा. मांजराचं औषध वेगळं मिळतं, तिचं वजन सांगून डॉक्टरकडून घ्या.

याच जोडीला, घरात ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. ती गोळी मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर मरू शकतं. कुत्र्यालाही माणसांची वेदनाशामकं मनाने देऊ नका.


काजीतला

ताई, बरा लिवलात. आमच्या हय सड्यार फुरशी लय आसत. कुत्रो माझ्यावांगडा काजीत येता, बोंडू गोळा करताना पाचोळ्यात तोंड घालता. त्याका फुरसा चावला तर काय करूचा, ता सांगा.


पडवी

दादा, प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. काजूच्या दिवसांत हेच सगळ्यात जास्त होतं. फुरसं लहान असतं, रंग मातीचाच, दगडाखाली नाही तर पाचोळ्यात पडून राहतं. डिवचलं की वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, त्याचा करवतीसारखा खरखर आवाज येतो. कुत्रा तोंड घालतो म्हणून दंश बहुतेक वेळा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर असतो.

त्याच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं. आधी सूज येते, मग जखमेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त दिसतं. हे दिसायला कधी काही तासही लागतात, म्हणून "आता बरा दिसतोय" म्हणून थांबू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. पट्टा, साखळी सैल करा, कारण मान सुजते. दोरी आवळून बांधणं, ब्लेडने चिरणं, झाडपाला चोळणं, यात फक्त वेळ जातो. दुसरं कोणी सोबत असेल तर त्याला डॉक्टरला फोन करायला सांगा आणि सापाच्या विषावरची लस आहे का ते विचारा. माणसांसाठीची जी लस असते तीच कुत्र्यालाही देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती एकच चालते. कुत्रा लहान म्हणून लस कमी लागेल असं नसतं, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. सगळ्या दवाखान्यांत ती नसते, म्हणून तुमच्या जवळच्या दोन-तीन ठिकाणी हंगाम सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा आणि नंबर घराच्या भिंतीवर लिहा.

मण्यारीचं वेगळं आहे. ती रात्री घरात येते, दंशाची खूणही धड दिसत नाही. सकाळी कुत्रा उठताना मागच्या पायांनी डळमळला, पापण्या जड दिसल्या, भुंकण्याचा आवाज बदलला, तर सापाचा विचार आधी करा.

आणि बोंडू गोळा करताना ओल्या बिया त्याला चघळू देऊ नका. टरफलातलं तेल आपल्या हाताची कातडी सोलतं, त्याच्या ओठांना आणि जिभेलाही फोड येतात. आंबलेल्या बोंडवांच्या ढिगापासूनही लांब ठेवा, त्यात दारू तयार झालेली असते.


दोडामार्गकर

आमच्या तालुक्यासाठी एक भर घालतो. इथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात लक्षात आला, त्यावरून त्याला केएफडी म्हणतात. तो गोचिडीतून माणसाला होतो आणि जानेवारी ते मे हाच त्याचा काळ. काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना धोका जास्त. कुत्र्याच्या अंगावर बसून रानातली गोचीड घरात येऊ शकते, म्हणून गोचीड हाताने चिरडू नका हे ताईंनी सांगितलं ते आमच्याकडे दुप्पट महत्त्वाचं. रानात माकड मेलेलं दिसलं तर त्या बाजूला कुत्रा घेऊन जाऊच नका आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा.


पडवी

दादा, अगदी बरोबर. सिंधुदुर्गातल्या मंडळींनी हे नक्की वाचा. रानातून आल्यावर कुत्र्याला आधी खळ्यातच तपासायचं, घरात घ्यायचं ते त्यानंतर. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा.


डोंबिवलीकर_चाकरमानी

मे महिन्यात गावी (राजापूर) यायचंय, सोबत लॅब्राडोर. दरवर्षी त्याला इकडे कोणाकडे तरी ठेवतो, यंदा आणायचा विचार आहे. ट्रेन बरी की गाडी?


पडवी

ट्रेनने न्यायचं तर दोनच मार्ग. फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे तुमच्या नावावर हवं, किंवा कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवायचं. मे महिन्यात त्या डब्यात उकाडा फार असतो आणि तुम्ही त्याच्या जवळ नसता. लॅब्राडोरसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. लसीकरणाचा दाखला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र दोन्ही वेळी सोबत लागेल.

गाडीने येत असाल तर रात्री निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. निघायच्या आधी चार तास खायला देऊ नका, घाटात उलट्या होतात. दर दोन तासांनी थांबून पाणी द्या. चहाला थांबताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असले तरी अर्ध्या तासात आत ४५ च्या वर जातं, काच दोन बोटं उघडी ठेवून फार फरक पडत नाही.

गावी पोचल्यावर पहिले दोन दिवस साखळीशिवाय सोडू नका. शहरातल्या कुत्र्याला विहिरीचा कठडा, गडगा, साप, वानर यांतलं काहीच ठाऊक नसतं. आंब्याची कोय तर मुळीच देऊ नका. लॅब्राडोर ती अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते. उलट्या सुरू झाल्या आणि शी बंद झाली तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. गावी येण्याआधी रेबीजचं इंजेक्शन चालू वर्षाचं आहे ना, तेही बघा.


शेकरू

ताई, मी संगमेश्वरहून लिहितेय. धागा वाचून काळजात धस्स झालं. आमची काळू, गावठी, तीन वर्षांची. परवापासून भाकरीला तोंड लावत नाही. उन्हाने असेल म्हणून ताक-भात दिला, तोही ठेवला. पडवीतून उठत नाही. गोचीड मागच्या महिन्यात खूप होते, काढले होते.


पडवी

हिरड्या कशा आहेत? आत्ता बघा आणि सांगा. लघवीचा रंगही. अंग हाताला गरम लागतंय का?


शेकरू

हिरड्या पांढरट वाटतायत. पापणीच्या आतही. पोटावर बारीक लाल ठिपके आहेत, ते आत्ता दिसले. लघवी नेहमीसारखीच. कान गरम आहेत.


पडवी

आजच न्या, उद्यावर टाकू नका. पोटावरचे लाल ठिपके म्हणजे कातडीखाली रक्त आलेलं असू शकतं, गोचिडाच्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी खूप कमी होतात. डॉक्टरना तीन गोष्टी आपणहून सांगा: गोचीड कधी होते, खाणं कधी बंद झालं, आणि हे ठिपके. रक्त तपासायला सांगा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारा, ते बऱ्याचदा गुरांसाठी गावात गेलेले असतात. जाताना तिला उचलून न्या, पळवू नका. आणि घरातली कुठलीही तापाची गोळी देऊ नका.

काय झालं ते नक्की कळवा.


गुहागरवासी

कासवांबद्दल लिहिलंत म्हणून बरं वाटलं. आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी हे बघतो. मादी रात्री येऊन वाळूत साधारण दीड फूट खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. एखादं घरटं त्यांच्या आधी कुत्र्याला सापडलं तर तासाभरात सगळं संपतं. २००२ पासून वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने हे काम उभं केलं, त्यानंतर गावोगावची माणसं त्यात आली. ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालून गेली, इतक्या लांबून ती येते. पर्यटक मात्र कुत्रा सोडून फोटो काढत बसतात. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे त्यांना सांगायची वेळ येऊ नये.


पडवी

दादा, मनापासून आभार. माझ्याकडच्या कुत्र्यांना मी या दिवसांत पुळणीवर नेतच नाही, माडाच्या बनातून फिरवते. त्यांचं काही अडत नाही. उलट रापणीचं जाळं ओढून झाल्यावर वाळूत टाकलेल्या केंड माशापासून ती वाचतात, तो विषारी असतो. शिंगाळ्याचे काटेही पायात घुसतात.


बागाईतदार

ताई, लेख चांगला आहे, पण एका गोष्टीवर माझं वेगळं म्हणणं आहे. "घरात ठेवा, बांधून फिरवा" हे शहरात ठीक. आमच्याकडे कुत्री बागेत असतात ती वानरांसाठी. ती बांधली तर कैरी शिल्लक राहत नाही. दिवसभर पंख्याखाली कुत्रं ठेवणं आम्हाला परवडणार नाही.


पडवी

काका, तुमचं बरोबर आहे, बागेतल्या कुत्र्यांचं मी वेगळं लिहायला हवं. राखणीची कुत्री मोकळीच हवीत. त्यांच्यासाठी एवढं करा. बागेत दोन-तीन ठिकाणी सावलीत मातीच्या भांड्यांत पाणी ठेवा, विहिरीजवळ एकाच जागी नको. तुडतुड्यांसाठी, भुरीसाठी फवारणी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कुत्री त्या कलमांखाली जाऊ देऊ नका. गवतावर पडलेलं औषध पायांना लागतं आणि ती पाय चाटतात. लाळेची धार लागली, अंग थरथरलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर औषधाची बाटली सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा, त्यावरचं नाव वाचून त्यांना उपचार ठरवता येतात. मीठ पाजून ओकारी काढू नका. रिकाम्या बाटल्या आणि ढवळायची बादली उघड्यावर ठेवू नका, बादलीत थोडं पाणी उरतं आणि तहानलेलं कुत्रं ते पितं.

आणि रात्री मात्र त्यांना आत घ्या, काका. बिबट्याला कुत्रं सोपं पडतं, खोपटाबाहेर बांधलेलं तर त्याहून सोपं. वानरं रात्री येत नाहीत.


बागाईतदार

हे पटलं. गेल्या पावसाआधी शेजारच्या बागेतलं कुत्रं असंच गेलं. खोपटाला दार बसवून घेतो.


बोक्याची_आजी

माझ्या बोक्याचं सांग गं. नातीच्या लग्नाला पुण्याला जायचंय, चार दिवस. मांजर काय, राहतं एकटं, वाटीत खाऊ ठेव आणि जा, असं सगळे म्हणतात. मला धीर होत नाही.


पडवी

आजी, तुमचा धीर होत नाही ते योग्यच आहे. मांजराला घर बदलण्यापेक्षा आपल्याच घरात राहणं बरं, पण कोणीतरी दिवसातून दोनदा येऊन बघायलाच हवं. या उकाड्यात वाटीतलं ओलं अन्न तासा-दोन तासांत नासतं, मुंग्या लागतात, आणि पाण्यात पाल पडली तर मांजर ते पाणी पीत नाही.

बोका आहे म्हणून खास सांगते. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोरडा खाऊ जास्त झाला की बोक्यांची लघवी तुंबते. तो पुन्हा पुन्हा शू करायला बसतो, केविलवाणा ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो आणि होत काहीच नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झाला. ही वेळ थांबायची नसते, एका दिवसात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जो कोणी त्याला बघायला येईल त्याने वाळूचा ट्रे रोज बघून "शू झाली" हे तुम्हाला कळवायला हवं. पाण्याची वाटी खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा, बरीच मांजरं तशी जास्त पितात. माशाचं अळणी, काटे काढलेलं पाणी दिलंत तर आवडीने पिईल. सुके बोंबील मात्र मिठाचे असतात, ते नको.

तो बाहेर फिरणारा असेल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला आतच ठेवा. दयाळ, बुलबुल यांची घरटी बांधायचे हे दिवस आहेत. त्याचं ऑपरेशन झालं नसेल तर लग्नाहून आल्यावर करून घ्या, या दिवसांत बोके मारामाऱ्या करून जखमा घेऊन येतात.

तुमचं गाव माझ्या टप्प्यात असेल तर निरोप टाका, मी येऊन त्याला भेटते.


मोती_आणि_मी

सांभाळणाऱ्यासाठी चिठ्ठीत काय काय लिहून ठेवायचं, तेही सांगाल का?


पडवी

मला उपयोगी पडतं ते असं. काय खातो हे सगळे लिहितात, किती खातो हे कोणी लिहीत नाही, ते लिहा. शी-शूच्या त्याच्या ठरलेल्या वेळा. कशाला घाबरतो. हिरड्यांचा नेहमीचा रंग आणि वजन. चालू औषधं, आधीचे आजार, झटके येत असतील तर ठळक अक्षरात. डॉक्टरचा नंबर आणि ते नसतील तर दुसरा. तुमचा फोन लागला नाही तर खर्चाचा निर्णय कोण घेणार, त्या माणसाचं नाव. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, रात्री दवाखान्याच्या दारात उभं राहून परवानगीची वाट बघणं जनावराला परवडत नाही. जुना न धुतलेला एखादा सदरा किंवा पातळ त्याच्या जागेवर ठेवून जा, तुमच्या वासाने ती शांत राहतात.


शेकरू

ताई, काळूला काल दुपारीच नेलं. गोचिडाचा ताप निघाला. रक्तातल्या प्लेटलेट्स खूप कमी झाल्यात, डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. सलाईन लावलं, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या दिल्यात. आज सकाळी थोडी पेज चाटली. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.


पडवी

शेकरू, वाचून फार बरं वाटलं! पेज चाटली म्हणजे चांगलं लक्षण आहे.

आता पुढचं नीट ऐका. चार-पाच दिवसांत ती उड्या मारायला लागेल आणि गोळ्या बंद कराव्याशा वाटतील. करू नका. हा कोर्स बहुधा २८ दिवसांचा असतो, डॉक्टरनी जितके दिवस सांगितलेत तितके पूर्ण द्या, नाहीतर आजार आत दबून राहतो आणि परत उसळतो. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, पेजेसोबत द्या आणि वर पाणी पाजा, नुसती गोळी घशात अडकली तर जळजळ होते. प्लेटलेट्स भरून येईपर्यंत तिला दुसऱ्या कुत्र्यांशी खेळू देऊ नका, साधी जखमही वाहत राहते. पुन्हा रक्त कधी तपासायचं ते डॉक्टरना विचारून घ्या.

वाडीत आजूबाजूला आणखी कुत्री असतील तर त्यांच्याही हिरड्या आजच बघा. आणि पडवीतल्या ज्या कोपऱ्यात काळू झोपते, तिथल्या चिऱ्यांच्या फटी ती दवाखान्यातून नीट घरी रुळायच्या आत लिंपून घ्या. गोणपाट जाळून टाका, नवीन घाला.


शेकरू

शेजारी दोन आहेत, बघून आले. एकाच्या गुलाबी, दुसऱ्याच्या फिक्या वाटतात. त्यांच्या घरी सांगितलंय, उद्या सकाळी दोघांनाही घेऊन जातोय. भाऊ सिमेंट आणायला गेलाय.